उजवी पाकळी

लालबाग, १२ जुलै १९८३

तीर्थस्वरूप अप्पा यांस,
लतिकाचा शिरसाष्टांग नमस्कार.

"कौल मागायचा तर डावा ऐकायची तयारी ठेवून मागायचा, नायतर देवाक उगाच तसदी देव नये." हे तुम्ही मला म्हणाला होतात. तुमच्या लक्षातही नसेल. मी चौथीत होते, मे महिन्यात गावी आले होते आणि आपली तांबू गाय रानातून परतली नव्हती. मी हट्ट धरला म्हणून तुम्ही गाभाऱ्यात गेलात, देवाच्या पाषाणाला तगरीच्या दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्यात, एक उजवीकडे, एक डावीकडे, आणि गाय परत येईल का म्हणून विचारलंत. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. डावी पडली. मी पाय आपटले, "पुन्हा लावा" म्हणून रडले, तेव्हा तुम्ही ते वाक्य म्हणालात आणि दिवा सारखा करून बाहेर आलात.

परवा वर्गात ते एकदम आठवलं. माझं एम.ए.चं हे दुसरं वर्ष. बाबा तुम्हाला सांगत असतील, पोरगी वेड्यांचं शिक्षण घेते म्हणून. तसं नाही. यंदा आमच्या कर्णिकबाईंनी एक नवा विषय लावलाय, आरोग्याचं मानसशास्त्र. शरीर आजारी पडलं की मन काय करतं, माणूस औषध का टाळतो, डॉक्टरकडे जायला उशीर का करतो, असं सगळं. प्रबंधासाठी मी परळच्या एका इस्पितळात घशाच्या तपासणीबाहेरच्या बाकावर बसते आणि आलेल्या माणसांना विचारते, त्रास पहिल्यांदा कधी जाणवला, इथे कधी आलात, मधले दिवस काय केलंत. पहिल्याच दिवशी बाईंनी बजावलं, "ज्याचं उत्तर ऐकायची तुमची तयारी नाही, तो प्रश्न पेशंटला विचारायचा नाही." मी वहीत लिहून घेतलं. लिहिताना तुमचाच आवाज कानात होता.

आता कामाचं. आमच्या मजल्यावरचा दौलत, गिरणीत बाबांच्याच खात्यातला, गावाहून फणस घेऊन आला. मी विचारलं, बाबा कसे आहेत? तर त्याने कुजबुजत्या आवाजात बाबांची नक्कल केली. "दगडूशेट आता असो बोलता, नव्या नवरीसारखो." गॅलरीत सगळे हसले. आईही हसली. मला हसू आलं नाही. बाबांचा आवाज म्हणजे काय होतं तुम्हाला माहीत आहे. दिवसभर साच्यांच्या खडखडाटात काढलेला माणूस, घरातही ओरडूनच बोलायचा. संप लांबला आणि गेल्या गणपतीत ते गावी आले ते तिथेच राहिले, तेव्हा पहिले काही दिवस आम्हाला शांततेने झोप लागेना.

अप्पा, त्यांचा आवाज कधीपासून बसलाय? तेवढंच कळवा. उगाच विचारतेय असं समजा.

तुमची,
लतिका


आंबेखोल, २५ जुलै १९८३

चि. लतिका हीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. इकडे लावणी आटपत आली. तांबू गाईची आठवण तुला आहे, मलाही आहे. तिचे हाड पुढे खालच्या वहाळात सापडले होते, तुला सांगितले नव्हते.

दगडूचे म्हणशील तर ठीक आहे. आवाज शिमग्यापासून बसला आहे. मुंबईला मोर्चांमध्ये घोषणा देऊन देऊन घसा फाडून घेतला, आता इकडची दमट हवा. हळद-दूध देतो. जोशीवैद्याचा काढा झाला. उलट एक चांगले झाले, बिडी आपणहून सोडली. धूर घशात टोचतो म्हणाला. तुझ्या आईने वीस वर्षे सांगून जे झाले नाही ते आपोआप झाले. भात गिळताना अडकतो म्हणून पेजच घेतो, त्यामुळे थोडा वाळला आहे. पण लावणीला उभा होता.

तू शिकतेस ते चांगले. पण घशाच्या दवाखान्याबाहेर बसून मनाचा अभ्यास करतात हे आम्हाला नवीन. मन घशात असते की काय? तुझी काकू म्हणते, आपल्या घरात तरी तिथेच असते, म्हणून सगळे गिळून टाकतात.

काळजी करू नये. आईला नमस्कार सांग.

अप्पा


लालबाग, २ ऑगस्ट १९८३

तीर्थस्वरूप अप्पा,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुम्ही मला धीर द्यायला लिहिलंत आणि प्रत्येक ओळीत मी बाकावर जे ऐकते तेच निघालं. शिमग्यापासून आवाज. बिडी टोचते. भात अडकतो, पेज चालते. वाळलाय. अप्पा, ही चार वाक्यं मला इतक्या माणसांनी सांगितली आहेत की पाचवं मी त्यांच्याआधी बोलू शकते.

मी डॉक्टर नाही. माझं चुकत असेल. चुकावं म्हणून मी सिद्धिविनायकाला जाऊन आले, आणि रांगेत उभी असताना मला माझाच राग आला. पण जे खरं आहे ते लिहिते. घशातली ही गाठ लवकर सापडली तर मशिनीचा शेक देऊन जाते. आवाजसुद्धा राहतो. उशीर झाला तर आवाजाची पेटीच काढावी लागते आणि गळ्याला भोक ठेवतात, श्वासासाठी. नायगावच्या पोलीस लाइनीतले एक जमादार येतात. परेडला ओरडणारे. आता गळ्यापुढे मलमलचा तुकडा बांधलेला असतो आणि मांडीवर पाटी. मी विचारलं, उशीर का केलात? त्यांनी पाटीवर लिहिलं, "वाटलं, ओरडून बसला असेल." नंतर ते पुसलं आणि लिहिलं, "विचारलं नाही तर उत्तरही येत नाही."

पाटी पुसताना त्यांच्या छातीतून वारा यावा तसा आवाज येत होता. तो मला जेवताना ऐकू येतो.

अप्पा, बाबांना घेऊन या. घशाची तपासणी गुरुवारी असते. बुधवारी सकाळी पोचेल अशी एस.टी. धरा, दौलत उतरवून घ्यायला येईल, गुरुवारी मी स्वतः हाताला धरून नेईन. मात्र बाबांना यातलं काही सांगू नका. गाठ, भोक, जमादार, काहीही नाही. आमच्या बाईंनी परदेशातला एक प्रयोग सांगितला होता. विद्यार्थ्यांना धनुर्वाताची खूप भीती घातली, तरी नुसत्या भीतीने कोणी सुई टोचून घ्यायला गेलं नाही. ज्यांच्या हातात दवाखान्याचा नकाशा दिला आणि कधी जाणार ते ठरवायला लावलं, तेच जास्त गेले. नुसती भीती माणसाला दार दाखवत नाही, ती त्याला पांघरुणात घालते. म्हणून बाबांना फक्त एवढंच सांगा, लतीने बोलावलंय, गुरुवारी काम आहे.

तुमच्यावर सोपवते आहे.

लतिका


आंबेखोल, २० ऑगस्ट १९८३

चि. लतिका हीस आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला.

तुझे पत्र मला दगडूने वाचून दाखवले.

तुला ठाऊक नव्हते, कारण मी सांगितले नव्हते. दिवाळीपासून माझ्या दोन्ही डोळ्यांवर पडदा आला आहे. लिहितो ते अंदाजाने, म्हणून ओळी तिरक्या जातात. वाचता येत नाही. देवाचे काम हाताने होते, हाताला पाषाण ठाऊक आहे. आलेली पत्रे दगडू वाचतो. पोस्टमन आला तेव्हा आम्ही खळ्यात सुपाऱ्या सोलत होतो. घरातली सगळी जवळ बसली, मुंबईचे पत्र म्हणून. दगडूने फोडले आणि वाचू लागला, त्याच्या त्या बसक्या आवाजात. पहिल्या दोन ओळींनंतर मला समजले, मी म्हटले, ठेव, मागाहून बघू. तो थांबला नाही. शिमगा, बिडी, पेज, सगळे वाचले. जमादाराचे वाचले. पाटीचे वाचले. "बाबांना यातलं काही सांगू नका" हेही वाचले. मग घडी घालून म्हणाला, "फुडे नमस्कार आसा." आणि सुपाऱ्या सोलायला बसला.

शेवटी तुझी काकू म्हणाली, "अरे, पोर भियालीहा, जावन ये एकदा." तर म्हणाला, "मी कित्याक जाव? देवाक इचारा. देव म्हणात तर जातंय."

मग सोमवार आला. अंघोळ करून आला, ओलेत्याने उभा राहिला. मी पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणे घातले, बा देवा रवळनाथा, ह्या लेकराने मुंबईस जावे का, जायचे असेल तर उजवी दे. तू लहानपणी पाहिले आहेस, कधी कधी देव खूप वेळ घेतो. तेव्हा घेतला नाही. मला दिसत नाही, पण दगडू मागे उभा होता त्याचा श्वास सुटलेला ऐकू आला. सून कमल शेजारी होती, ती म्हणाली, डावी.

तो हसला, लती. आणि त्या दिवशी बरीच पेज प्यायला.

आता मी काय करू? देवाने नाही म्हटले ते मी होय कसे करू? तुझे पुस्तक मला कळत नाही. पण तुझी भीती कळते. ती मलाही आहे.

गणपतीला ये.

अप्पा


लालबाग, २० सप्टेंबर १९८३

तीर्थस्वरूप अप्पा,

हे पत्र दौलतच्या हाती देते आहे. त्याला सांगितलंय की कमलवहिनीच्याच हातात द्यायचं, आणि तिने तुम्हाला विहिरीवर किंवा देवळात वाचून दाखवायचं. खळ्यात नाही.

गणपतीत मी आले तेव्हा भांडायचं ठरवून आले होते. बाबा उंबऱ्यावरच उभे होते. मला बघून त्यांनी ओठांनी म्हटलं, "इलंस?" आवाज नाही, नुसते ओठ. आणि अप्पा, मी किती मूर्ख, मला आनंद झाला. तुम्हाला हे माहीत नसेल. साचे सुरू असताना तिथे माणसाचा आवाज पोचतच नाही, म्हणून गिरणीतली माणसं ओठांवरून आणि हातांवरून बोलतात. बाबांनी मला ते लहानपणीच शिकवलं होतं. आई रागावली की आम्ही दोघं तिच्या पाठीमागे तसं बोलायचो. चाळीत मी खाली नळावर आणि ते तिसऱ्या मजल्यावर, आमची सगळी बोलणी व्हायची, कोणाला पत्ता नाही. मला वाटलं, बाबा जुना खेळ खेळताहेत. मीही खेळले. पाच दिवस आम्ही तसेच बोललो. मी विचारलं, मुंबईला का येत नाही? ते ओठांनी म्हणाले, देव नाही म्हणाला. मी म्हटलं, देवाला घशातलं काय कळतं? त्यांनी कान पकडायला लावले. मग म्हणाले, "गिरणी सुरू झाली की येतंय. दवाखान्याच्या कागदावर नाव गेला तर परत घेणत नाय. आजारी माणूस कोणाक होयो?" मी म्हटलं, गिरणी सुरू झाली नाही तर? त्यांनी ओठ मिटले, आणि मोदकाचं सारण चाखायला पळाले.

शेवटच्या आरतीला ते तुमच्या शेजारी उभे होते. झांज त्यांच्या हातात. तोंड मोठं उघडत होतं, मानेच्या शिरा ताठ. मी मागे होते. एका क्षणी झांजा थांबल्या, तुमचा आवाज आला, काकूचा आला, पोरांचे आले. बाबांचं तोंड तसंच हलत होतं आणि तिथून काहीच येत नव्हतं. तरी मला कळलं नाही! परतताना खारेपाटणला एस.टी. थांबली, कोणीतरी चहावाल्याला खिडकीतून ओठांनीच विचारत होतं, गरम आहे का, तेव्हा कळलं. तो खेळ नव्हता. त्यांच्याजवळ दुसरं काही उरलेलं नाही.

मी बाईंकडे गेले. सगळं सांगितलं, कौलाचंही. मला वाटलं होतं त्या हसतील. त्यांनी विचारलं, "तुझे वडील कोणावर विश्वास ठेवतात? तुझ्यावर?" मी म्हटलं, नाही. "डॉक्टरांवर?" नाही. "मग तू ज्याच्यावर ते विश्वास ठेवतात त्याच्याशी बोल. त्याच्या भाषेत बोल."

म्हणून तुमच्या भाषेत बोलते. अप्पा, तुम्ही देवाला विचारलंत, मुंबईस जावे का. मुंबईस म्हणजे कशाला? गिरणीला? चाळीत? लढ्याला? देवाने कशाला नाही म्हटलं हे आपल्याला कुठे माहीत आहे? प्रश्न बदलून विचारता येतो ना? घशावर शेक घ्यावा का, एवढंच विचारा. माझा हा शेवटचा हट्ट.

लतिका

ता.क. तुमच्या डोळ्यांचं काय? त्याचाही कौल लावलात का, की न विचारताच डावा धरलात? रागावू नका. मला सगळ्यांचीच भीती वाटायला लागली आहे.


आंबेखोल, २९ सप्टेंबर १९८३

चि. लतिका हीस आशीर्वाद. अप्पा सांगतात तसे मी कमल लिहिते.

तुझे पत्र देवळाच्या मागे बसून ऐकले. दोनदा वाचून घेतले. प्रश्न बदलून विचारता येतो, तुझे म्हणणे बरोबर आहे. दगडूशी बोललो. तो आधी नको म्हणाला, मग म्हणाला, "आता एकदाच. मगे तिनाय नाय, तुमीय नाय, कोणी माका सांगूक येवचा नाय." मी शब्द दिला. दसऱ्याला सकाळी कौल लावायचा ठरला आहे. उजवी पडली तर त्याच आठवड्यात मी स्वतः त्याला घेऊन येतो, आंधळा तर आंधळा. डावी पडली तर तो इथेच राहील, आणि ह्या गोष्टीचे नाव कोणी काढणार नाही. तूसुद्धा. हा शब्द तुझ्या वतीनेही दिला आहे.

तू माझ्या भाषेत बोललीस, तर मीही तुला एक सांगतो. मागे खोताच्या जमिनीचा तंटा होता. निम्मा गाव एका बाजूला. खोताचा माणूस माझ्याकडे आला होता, पाकळी कशी लावावी ते सांगायला. मी त्याला ताक दिले आणि पाठवून दिले. दुसऱ्या दिवशी कौल लागला तो खोताच्या विरुद्ध. सगळ्यांनी मानला, खोतानेही मानला. आज माझ्या डोळ्याला दिसत नाही तरी गाव माझ्या हाताखालचा कौल मानतो, दगडू मानतो, तो ह्यासाठी. तुझी बाई विचारते, कोणावर विश्वास ठेवतो. माझ्यावर नाही ठेवत, लती. माझे बोट काही करत नाही, ह्यावर ठेवतो.

आणि एक. गेल्या वेळी डावी पडली तेव्हा मला बरे वाटले होते. भावाच्या गळ्याला कोणी सुरी लावणार नाही म्हणून. ते बरे वाटणे मला रोज सकाळी दिवा लावताना आठवते. ह्यावेळी मी काय मागू ते मलाच कळत नाही. तू तिथून प्रार्थना कर.

अप्पा

वन्सं, ह्यापुढचे अप्पांनी सांगितलेले नाही, माझे आहे. काकांच्या उशीच्या अभ्र्यावर रक्त होते. दोनदा मी धुतले. त्यांनी मला बघितले आणि तोंडावर बोट ठेवले. अप्पांना दिसत नाही. कोणाला सांगू म्हणून तुम्हाला सांगते. कमल.


लालबाग, ७ ऑक्टोबर १९८३

तीर्थस्वरूप अप्पा,

दौलत दसऱ्याला निघतो आहे, त्याच्या आधी पोचावं म्हणून हे पत्र करी रोडच्या सावंतांच्या सखुबाईंकडे देते. त्या उद्याच्या एस.टी.ने येताहेत. कमलवहिनी, हे वाचताना आजूबाजूला कोणी नाही ना बघ. आणि वाचता वाचता थांबावंसं वाटलं तरी थांबू नकोस. वाचून झालं की चुलीत घाल.

अप्पा, बाबांच्या उशीवर रक्त आहे. वहिनीवर रागावू नका, तिने मला सांगितलं, तुम्हाला सांगायचं तिला धाडस झालं नाही. बाबांनी तिला गप्प राहायला सांगितलं. म्हणजे त्यांना माहीत आहे. गेल्या श्रावणात डावी पडली तेव्हा सुटलेला तो श्वास, तो माणूस बरा असल्याचा नव्हता.

मी कालपासून जेवलेले नाही. आईला सांगितलं, परीक्षा आहे. काल बाकावर एक बाई माझ्याशेजारी बसली होती, प्रभादेवीच्या कोळीवाड्यातली, नवऱ्याला घेऊन आलेली. तो भिंतीकडे तोंड करून उभा. मी नेहमीचा कागद काढला आणि विचारलं, पहिल्यांदा त्रास कधी जाणवला? ती माझ्याकडे बघत म्हणाली, "तू आज कोनासाठी विचारतंस गो, पोरी? तुजा कागद उलटा हाय." मी कागद पिशवीत ठेवला. तिने टोपलीतल्या सुक्या सोड्यांचा पुडा माझ्या हातात दिला आणि पुढे सरकून मला भिंतीला टेकायला जागा केली.

मग मी बाहेर आले आणि परळच्या पुलावर उभी राहिले. समोर गिरणीची चिमणी, धूर नाही. मी स्वतःलाच विचारत होते, दसऱ्याला डावी पडली तर मी काय करीन? तुमचा शब्द मोडीन? गावी येऊन त्यांना ओढत नेईन? ते येणार नाहीत. तुम्ही दिलेला शब्द, देवाचा शब्द, तो ओलांडून मुंबईला आलेला माणूस इस्पितळाच्या दारात पोचायच्या आधीच मेलेला असेल. ते पाटीवर "देवाने नाही म्हटलं होतं" एवढं लिहितील आणि मशिनीखाली झोपणार नाहीत. हे मला पुस्तकाने शिकवलं नाही. मी त्यांची मुलगी आहे.

आणि मी हे स्वतः मागून घेतलं आहे. प्रश्न बदलून पुन्हा विचारा, हे मीच म्हटलं. मला वाटलं मी एक दार उघडते आहे. मी ते दोन पाकळ्यांवर टांगलं. एक पाकळी सुटेल आणि माझे बाबा वाचतील, किंवा दुसरी सुटेल आणि सगळं घर त्यांच्याभोवती गप्प बसेल, पेज करत, उशा धूत. मला त्या गप्प बसण्याची सगळ्यात जास्त भीती वाटते. ते ओठ हलवतील आणि तिथे ते वाचणारं कोणी नसेल. काकूला येत नाही, तुम्हाला दिसत नाही. पाणी हवं म्हणतील तरी कोणाला कळणार नाही.

अप्पा, मी आता जे लिहिते आहे ते तुम्ही ऐकून घ्या.

तांबूच्या वेळी तुम्ही बाहेर गेलात आणि मी गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी तशीच बसून राहिले होते. खाली पडलेली डावी पाकळी मी उचलून पाहिली. ती कोरडी होती. उजवी अजून पाषाणाला होती, ओली, घट्ट. मी दहा वर्षांची होते, मला काहीच वाटलं नाही, किंवा वाटलं ते मी गाईबरोबर विसरले. आता आठवतं. जी कमी ओली, ती आधी सुटते. तुमचं बोट काही करत नाही हे मला मान्य आहे. तुम्ही दोन्ही सारख्याच भिजवता, मग वारा, समईची ऊब, पाषाणाचा उंचसखलपणा, आणि त्या सगळ्यात तुम्ही ज्याला देव म्हणता तो. मी त्याच्यावर हसत नाही. त्या गाभाऱ्यात उभी राहिले की माझाही श्वास हळू होतो, मी कितीही शिकले तरी. मी फक्त म्हणते की ह्यावेळी तुमच्या बोटाने थोडं करावं.

दसऱ्याला उजवी पाकळी कोरडी लावा.

कोणाला कळणार नाही. तुमच्या डोळ्यांवर पडदा आहे, तुम्हाला स्वतःलासुद्धा वाटेल, नीट भिजली नसेल, दिसलं नाही. मी तुम्हाला ती पळवाटही देते आहे, इतकी मी खाली उतरले आहे. बाईंना हे कळलं तर त्या मला वर्गात उभं करणार नाहीत. पेशंटला फसवायचं नाही, हे आमच्या शास्त्रातलं पहिलं. तुमच्यातलंही तेच पहिलं. खोताच्या माणसाला तुम्ही ताक दिलंत. मला तेवढंही देऊ नका. पण तो जमिनीसाठी आला होता, अप्पा. मी बाबांसाठी आले आहे.

बाबांना मी कधी सांगणार नाही. ते बरे होऊन म्हातारे झाले आणि नातवंडांना "देवाने मला मुंबईला धाडलं" असं सांगायला लागले, तरी मी मान डोलवीन. त्याचं जे काही पाप असेल ते माझ्या नावावर घाला, गाऱ्हाण्यात माझं नाव घेऊन तसं म्हणा.

तुम्ही ऐकणार नाही हे मला माहीत आहे. हे पत्र ऐकून तुम्ही वहिनीला म्हणाल, "जाळ ता." आणि दसऱ्याला पहाटे अंघोळ करून दोन्ही पाकळ्या एकाच पाण्यात, एकसारख्या बुडवाल. तसं केलंत तर तुमचा राग करायची माझ्यात ताकद उरणार नाही. तुम्ही तसे आहात म्हणूनच तर बाबा तुमच्या हाताखाली उभे राहतात.

डावा ऐकायची तयारी ठेवून मागायचं म्हणाला होतात. ती तयारी माझी नाही. तरी मागते आहे. उजवी कोरडी लावा, अप्पा.

तुमची,
लती